चार हजार सातशे खुबे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही टर्नरला मोर्स टेपर म्हणजे काय ते विचारा. हातातला जॉब न थांबवता तो सांगेल. लेथच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल बसवायचं, तर ड्रिलचं शेपूट किंचित निमुळतं असतं आणि ज्या भोकात ते जातं तेही तेवढंच निमुळतं. ना बोल्ट, ना स्क्रू. दोन्ही बाजू कॉटन वेस्टनं पुसायच्या, आत सारायचं, एक ठोका द्यायचा. मग ते हातानं ओढून निघत नाही. पण आत बारीकशी बर राहिली तर ड्रिल आऊट फिरतं, भोक मोठं होतं आणि जॉब भंगारात जातो. स्टीफन मोर्स नावाच्या अमेरिकन माणसानं १८६० च्या दशकात ही जोडणी काढली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ती आजही रोज बसते आणि निघते.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बहुतेक माणसांच्या मांडीत हीच जोडणी असते. मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक दांडा बसवलेला असतो, बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. दांड्याच्या मानेचं टोक निमुळतं. त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा बसतो आणि तो गोळा कमरेच्या हाडात बसवलेल्या वाटीत फिरतो. वाटीला आतून प्लॅस्टिकचं अस्तर. सर्जनची कृतीही तीच: टोकावरचं रक्त आणि चरबी पुसून ते कोरडं करायचं, गोळा ठेवायचा, नीट सरळ रेषेत एक ठोका. टर्नरला बिघाड दिसला तर तो मशीन बंद करतो. खुब्याला ती सोय नाही. हिंडता-फिरता माणूस एका पायानं वर्षाला साधारण दहा लाख पावलं टाकतो, साधं चालतानाही खुब्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, आणि पाय अडखळला तर तो सात-आठ पटींवर जाऊ शकतो.

पुढचं वाचून कुणी ठरलेलं ऑपरेशन रद्द करू नये म्हणून एक आकडा आधीच सांगून टाकतो. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार बदललेल्या शंभर खुब्यांपैकी ८९ खुबे पंधरा वर्षं टिकले, ५८ खुबे पंचवीस वर्षं. माणसानं बनवलेल्या आणि रोज वापरल्या जाणाऱ्या किती वस्तूंबद्दल असं सांगता येईल? याच नियतकालिकानं २००७ मध्ये या शस्त्रक्रियेला शतकाची शस्त्रक्रिया म्हटलं होतं, आणि ज्यानं आपल्या घरातलं माणूस रात्रभर कण्हत असलेलं पाहिलंय, मग सहा आठवड्यांनी रंकाळ्यावर चालताना पाहिलंय, तो त्यावर वाद घालणार नाही.

ऑपरेशनच्या आधी ज्या कागदावर सही घेतात, त्यावर नेहमीचे धोके लिहिलेले असतात. सांध्यात पू होणं, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, गोळा वाटीतून निखळणं, एक पाय किंचित लांब किंवा आखूड होणं. निखळण्याच्या भीतीनंच सांगतात की पहिले काही आठवडे मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पंगतीत पाटावर बसायचं नाही, कमोड लावून घ्या. याहून विरळ गोष्टीही आहेत. खुब्यामागून जाणारी सायटिक शीर ताणली गेली तर पाऊल वर उचलत नाही, चप्पल पायातून गळते. सांध्याभोवतीच्या स्नायूंत नको तिथे हाड तयार होतं. सिरॅमिकवर सिरॅमिक असेल तर क्वचित चालताना दरवाज्याच्या बिजागरीसारखा आवाज येतो. हाडाचं सिमेंट भरताना चरबीचे आणि हवेचे कण रक्तात जाऊन रक्तदाब अचानक कोसळतो. हा प्रकार मोरीत पडून खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांत अधिक, आणि भूलतज्ज्ञ त्या दोन-चार मिनिटांत मॉनिटरवरून नजर काढत नाहीत ते यासाठीच. या सगळ्यांचा उपाय पाठ्यपुस्तकात लिहिलेला आहे, त्यामुळे मी त्यात रेंगाळत नाही.

रेंगाळायचं आहे ते झिजेपाशी.

आजच्या खुब्याचे जनक जॉन चार्नली, इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयातले सर्जन. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन निवडलं, कारण ते सगळ्यात गुळगुळीत. तीनशेच्या आसपास रुग्णांना त्या वाट्या बसल्या. पहिलं वर्ष सुंदर गेलं. मग गोळा वाटीत रुतू लागला आणि झिजलेल्या कणांभोवती सांध्यात गाठी होऊ लागल्या. दोष नक्की टेफ्लॉनचाच का, हे पाहायला चार्नलींनी टेफ्लॉनचे आणि नव्या पॉलिथिनचे तुकडे स्वतःच्या मांडीत घालून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या, पॉलिथिनच्या जागी काही झालं नाही. ते पॉलिथिन खरं तर त्यांनी सुरुवातीला धुडकावलं होतं. त्यांच्या वर्कशॉपमधला कारागीर हॅरी क्रेव्हन यानं ते हट्टानं झीज मोजायच्या मशीनवर लावून ठेवलं आणि चालूच ठेवलं. नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिथिनच्या वाट्या बसू लागल्या. पुढे चार्नली आपल्या रुग्णांकडून मृत्यूनंतर खुबा परत घेण्याची संमती घेत, म्हणजे किती झीज झाली ते मोजता यावं. डॉक्टरानं असं काही मागणं आपल्याला चमत्कारिक वाटेल. मला ते फार प्रामाणिक वाटतं.

प्लॅस्टिकही झिजतं. त्याचे कण हाड पोखरतात आणि वीसेक वर्षांनी वाटी सैल होते. सत्तरीतल्या माणसाला ते परवडतं. तिशी-चाळिशीतल्या माणसाला नाही, आणि आपल्याकडे खुबा बदलणाऱ्यांत अशी माणसं बरीच असतात. स्टिरॉइडमुळे, दारूमुळे किंवा काही कारण न सापडताही मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि गोळा आतून बसतो. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. कोविडनंतर हे नाव बऱ्याच घरांत पोचलं. अशा माणसाला पन्नास वर्षं टिकेल असा खुबा हवा असतो, आणि नेमकी हीच मागणी धरून २००० च्या दशकात धातूवर धातू फिरवणारे खुबे बाजारात पसरले. प्लॅस्टिक नाही, गोळाही कोबाल्ट-क्रोमियमचा, वाटीही कोबाल्ट-क्रोमियमची. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर त्यांची झीज नगण्य भरत होती.

त्यातला एक होता जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा एएसआर. त्याची वाटी अर्ध्या गोलापेक्षा उथळ होती आणि गोळा व वाटी यांच्यातली फट फार कमी. इथे उद्यमनगरातला माणूस लगेच कान टवकारेल. बेअरिंग वर्षानुवर्षं चालतं ते दोन धातूंमध्ये तेलाचा पातळ पडदा टिकतो म्हणून. खुब्यात तेलाचं काम सांध्यातलं पाणी करतं. वाटी उथळ असली आणि ती जरा उभी बसली, की गोळ्याचा भार वाटीच्या काठावर येतो. काठावर पडदा तुटतो, धातू धातूला घासतो. झीज वजनानं चिमूटभरच, पण कण इतके बारीक की त्यांची संख्या अब्जावधींत जाते. सांध्याभोवतीचं मांस काळपट होतं, त्यात गाठ धरते. ही गाठ कर्करोगाची नसते, पण स्नायू आणि हाड खाते. कधी ती ओटीपोटात वाढून मांडीची मोठी शीर दाबते. पाय सुजतो आणि सगळे रक्ताची गुठळी शोधत बसतात.

हे उघडकीला कसं आलं, तो भाग मला धातूशास्त्राहून महत्त्वाचा वाटतो. एएसआरचे शंभरातले तेरा खुबे पाच वर्षांत काढावे लागणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. पण ज्या सर्जननं असे वीस खुबे बसवले, त्याला पाच वर्षांत दोन-तीन बिघडलेले दिसतील. त्यातला एखादा रुग्ण रागावून दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल, एखादा दुखणं अंगावर काढील. उरलेल्या एकाबद्दल सर्जन म्हणेल, वाटी जरा उभी बसली होती. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर आणि सगळे मिळून आंधळे. मोठी वही ठेवली तरच हे दिसतं. स्वीडननं खुब्यांची अशी राष्ट्रीय वही १९७९ मध्ये उघडली, ऑस्ट्रेलियानं १९९९ मध्ये, इंग्लंड आणि वेल्सनं २००३ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या वहीत २००७ मध्येच दिसलं की एएसआर इतर खुब्यांपेक्षा जास्त काढावा लागतोय. डिसेंबर २००९ मध्ये तो तिथल्या बाजारातून गेला. मग इंग्लंडच्या वहीतून पाच वर्षांत १२ ते १३ टक्के हा आकडा बाहेर आला आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं जगभरातून माल परत बोलावला. तोवर सुमारे ९३ हजार माणसांच्या अंगात तो बसलेला होता.

भारतात सुमारे ४,७००.

आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेची नोंदवही होती, पण तिच्यात नोंद करणं ऐच्छिक. सरकारची अशी वही नव्हती. परत बोलावलेला माल म्हणजे गोदामातली खोकी असती तर प्रश्न नव्हता. हा माल सोलापूरच्या नाहीतर सुरतेच्या कुणाच्या तरी मांडीत होता, आणि कुणाच्या ते कुठे लिहिलेलं नव्हतं. या सगळ्यात पहिली जोराची हालचाल केली ती महाराष्ट्रानं. महेश झगडे तेव्हा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. प्रशासनानं चौकशी लावली, दिल्लीला कळवलं आणि मुंबईत माहीम पोलीस ठाण्यात कंपनीविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला. औषध खात्यानं एखाद्या सांध्यावरून पोलिसांत जावं, ही तोवर न ऐकलेली गोष्ट होती. एएसआरचा आयात परवाना केंद्रानं २०१२ मध्ये रद्द केला. जगात माल परत घ्यायला सुरुवात झाल्यानंतर दोन वर्षांनी!

पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वर्षभरानं आलेल्या अहवालात किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस होती, आणि ४,७०० पैकी माग लागलेले रुग्ण अकराशेच्याही आत होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये दुसऱ्या समितीनं वय आणि अपंगत्वाचं प्रमाण धरून ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंतचं सूत्र ठरवलं. त्याच महिन्यात जगभरच्या पत्रकारांनी मिळून केलेली वैद्यकीय उपकरणांची मोठी शोधमालिका छापून आली आणि एएसआर पुन्हा पहिल्या पानावर आला. भरपाईच्या सूत्राविरुद्ध कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मे २०१९ मध्ये तिनं पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख द्यायची तयारी दाखवली. अमेरिकेत याच खुब्यासाठी २०१३ मध्ये अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली होती. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी ठेवतो, एवढंच.

पडताळणी कशाची? तर तुमच्या अंगात एएसआरच होता याची. खुब्याचे भाग ज्या खोक्यात येतात त्यात चिकटपट्टीवर छापलेले छोटे स्टिकर असतात: कंपनीचं नाव, भागाचा नंबर, लॉट नंबर, गोळ्याचा व्यास, धातू की सिरॅमिक. ऑपरेशन थिएटरमधली नर्स ते सोलून केसपेपरवर लावते. केसपेपर रुग्णालयात राहतो आणि काही वर्षांनी रद्दीत जातो. घरी येतं ते डिस्चार्ज कार्ड, त्यावर एक ओळ: उजव्या खुब्याचं प्रत्यारोपण. ज्यांच्याकडे बिल किंवा स्टिकर निघाला त्यांचं प्रकरण पुढे सरकलं.

काळपट मांस आणि गाठ हा झाला सांध्यापुरता त्रास. कोबाल्ट मात्र रक्तात उतरतो आणि सगळीकडे फिरतो. अंगाला तो लागतो, पण कणभर, बी-१२ जीवनसत्त्वापुरता. जास्त झाला तर काय होतं हे वैद्यकाला खुब्याच्या कितीतरी आधी, बिअरमुळे कळलं होतं. १९६० च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेक शहरात काही दारूभट्ट्या बिअरचा फेस टिकावा म्हणून तीत कोबाल्टचा क्षार घालत. १९६५-६६ मध्ये तिथे भरपूर बिअर पिणारे पुरुष हृदय फुगून दवाखान्यात येऊ लागले आणि त्यातले वीसेक दगावले. कोबाल्ट बंद झाला, आजार थांबला, आणि ती गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या तळटिपेत गेली.

२०१२ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठात पंचावन्न वर्षांचा एक माणूस आला. हृदय निकामी होत चाललेलं, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही, थायरॉइड मंदावलेलं, ताप. तपासण्यांनी काही हाती लागेना. तिथले डॉ. युर्गेन शेफर विद्यार्थ्यांना शिकवताना ‘हाउस’ या अमेरिकन मालिकेतले भाग वापरत. त्यातल्या एका भागातली रुग्ण डिट्टो अशीच होती आणि तिच्या खुब्यातून कोबाल्टची विषबाधा झालेली होती. शेफरांनी या माणसाच्या कमरेचा एक्स-रे काढायला सांगितला. त्याचा सिरॅमिकचा खुबा २०१० मध्ये फुटला होता आणि त्या जागी धातूचा गोळा बसवला होता. सिरॅमिकच्या उरलेल्या कणांनी कानशीसारखं काम करून तो गोळा तासला होता. रक्तातला कोबाल्ट नेहमीच्या मर्यादेच्या शेकडो पट. गोळा बदलल्यावर हृदय बरंच सावरलं; दृष्टी आणि कान फारसे परतले नाहीत. ही हकीकत २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापली. टीव्हीवरून निदान झालं म्हणून बातमी गाजली. मला त्यातली वेगळी गोष्ट जाणवते: त्या माणसाला हृदयाच्या, डोळ्यांच्या, कानांच्या डॉक्टरांनी पाहिलं, आणि खुबा कुणाच्याच खात्यात येत नव्हता.

अलास्कातले स्टीफन टॉवर तर स्वतः हाडांचे सर्जन. त्यांना एएसआर बसवला होता. कानात आवाज, दिसण्यात फरक, मनःस्थितीचे झोके हे सगळं त्यांनी स्वतःवर अनुभवलं, खुबा बदलून घेतला आणि मग २०१० मध्ये त्यावर लिहिलं. सर्जनच रुग्ण नसता तर यातली निम्मी लक्षणं ‘वयोमानाप्रमाणे’ या सदरात गेली असती.

धातूवर धातूचे खुबे आता जवळपास बंद झाले. म्हणून प्रश्न मिटला का? इथे पुन्हा त्या टेपरकडे यावं लागतं. गोळा धातूचा आणि वाटी प्लॅस्टिकची असली, तरी गोळा आणि दांडा यांच्या जोडणीत दोन धातू एकमेकांना टेकलेले असतातच. दर पावलागणिक ती जोडणी मायक्रॉनभर हलते. उद्यमनगरात शाफ्टवर घट्ट बसवलेलं बेअरिंग काढलं की कधी कधी खाली तांबूस भुकटी दिसते. लोखंडाचं हे असंच सूक्ष्म घासणं. अंगात खारं पाणी असल्यानं घासण्याला गंजण्याची जोड मिळते, आणि कोबाल्ट सुटतो. गोळा मोठा असेल, ठोक्याच्या वेळी जोडणीत चरबी राहिली असेल, किंवा एका कंपनीच्या दांड्यावर दुसऱ्या कंपनीचा गोळा बसवला असेल, तर धोका वाढतो. बहुतेक टेपरना १२/१४ म्हणतात खरं, पण प्रत्येक कंपनीचा कोन अंशाच्या अंशानं वेगळा असतो. हा बिघाड विरळच आहे. सिरॅमिकचा गोळा वापरला तर आणखी विरळ.

मग खुबा बदललेल्या माणसानं काय बघायचं? ऑपरेशननंतर काही वर्षं छान गेल्यावर जांघेत नव्यानं दुखू लागलं, खुब्यापाशी सूज किंवा गाठ लागली, पाय लंगडू लागला, तर हाडांच्या डॉक्टरकडे जायचं. आणि कान, डोळे, हृदय, थायरॉइड, हातापायांना मुंग्या यांपैकी दोन-तीन गोष्टी एकदम सुरू झाल्या, तर ज्या डॉक्टरकडे जाल त्याला आपला खुबा कसला आहे ते सांगायचं. त्यासाठी ते माहीत हवं. ऑपरेशन सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात झालेलं असो की खासगी दवाखान्यात, डिस्चार्जच्या दिवशी स्टिकरची एक प्रत मागून घ्यावी, मोबाइलवर फोटो काढून मुलांना पाठवावा. २०१५ पासून देशात वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम आहे आणि १ जानेवारी २०१८ पासून उपकरणांसाठी वेगळे नियम लागू झालेत. तक्रार रुग्णालाही करता येते, पण अर्जात मॉडेल आणि लॉट नंबरचे रकाने रिकामे राहिले तर ती लंगडीच राहते.

धातूवर धातूचा जुना खुबा अजून अंगात असेल तर काहीच दुखत नसलं तरी तपासणी चुकवू नये. एक्स-रे, धातूची सावली कमी पडेल अशा पद्धतीनं केलेला एमआरआय आणि रक्तातला कोबाल्ट. ब्रिटनच्या औषध नियामकानं २०१० मध्ये सांगितलेली रेषा एका लिटरला ७ मायक्रोग्रॅमची आहे. त्यावर गेलं तर पुढचा तपास. ही चाचणी नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही, नमुना बहुधा मोठ्या शहरात जातो. तो घेतानाही एक पथ्य आहे. साधी सुई पोलादाची असते आणि तिच्यातूनच थोडा धातू नमुन्यात उतरू शकतो. म्हणून प्लॅस्टिकची कॅन्युला लावायची, पहिलं थोडं रक्त वेगळ्या नळीत काढून बाजूला ठेवायचं आणि त्यानंतरचं रक्त सूक्ष्म धातूंच्या तपासणीसाठी मिळणाऱ्या खास नळीत घ्यायचं. रक्त घ्यायला येणाऱ्या मुलाला हे माहीत असेलच असं नाही. त्याला आधी सांगून ठेवावं.